धाकू मेस्त्रीची तुळई

फार वर्षं झाली. करंजखोलच्या बाजारात तेव्हा दुकानं चारच, पण मोडघर होतं. मोडघर म्हणजे नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून तिचं सत्त्व करायचं घर. पंचक्रोशीतल्या बाळंतिणी आणि तान्ही पोरं त्या सत्त्वावर उभी राहायची. ते घर बांधलं धाकू मेस्त्रीनं.

काय घर होतं म्हणता! सोळा खांब फणसाचे, भिंती कुडाच्या, वारा खेळावा म्हणून वर बांबूचा माळा. लोखंडाचा खिळा औषधालासुद्धा नाही, सगळे जोड लाकडी खुंट्यांचे. माळ्यावर हत्ती नेला तरी घर कुरकुरायचं नाही, असं म्हणतात. हत्ती नेऊन कुणी पाहिला नाही, ते सोडा.

पण आमच्याकडे लाकूड तोडायचं ते अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्या पंधरवड्यात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल. धाकूनं गावाला शब्द दिला होता, दसऱ्याला माळ्यावर नाचणी चढवतो. आणि घटस्थापनेच्या दिवशीच मधली तुळई तासताना उभी चिरली. अवस नुकतीच सरलेली. पुनव सरेपर्यंत थांबा म्हणायची त्याला लाज वाटली. त्यानं चांदण्या पंधरवड्यातच ऐनाचं झाड तोडलं, तुळई चढवली आणि ब्र काढला नाही.

लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. तिथून त्याचं सुख गेलं. रोज तो मोडघरात यायचा, खांबाला कान लावायचा. तुळईतला भुंगा त्याला ऐकू यायचा. घरी जेवायला बसला तरी ऐकू यायचा, असं म्हणतात. मोडघराचा कारभार येसूकाकीकडे होता. ती चेष्टा करायची, "मेस्त्री, सारखं वर काय बघता? आपल्याच कामाला दृष्ट लावाल हो!" बायका हसायच्या. आज सांगू, उद्या सांगू करत धाकू मान खाली घालून निघून जायचा. अशी सात वर्षं गेली.

एका सकाळी माळ्यावर अकरा बायका नाचणी हलवत होत्या आणि तुळई कडाडली. धाकू खालीच होता. त्यानं धावत जाऊन तिला खांदा दिला आणि ओरडला, "उतरा गं बायांनो! चांदण्यातलं लाकूड आहे हे! मीच तोडलंय, मला ठाऊक होतं!"

बायका उतरल्या. नाचणी उतरली. गावानं नवा खांब आणून तुळईखाली ठोकला, तोवर सूर्य डोक्यावर आला होता. तेवढा वेळ धाकू एकटा ते घर पेलून उभा होता. त्याची पावलं घोट्यापर्यंत जमिनीत रुतली, असं म्हणतात.

लोक त्याच्या पाया पडायला लागले. येसूकाकी तेवढी पडली नाही. म्हणाली, "सात वर्षं आमच्या लेकीसुना या माळ्यावर चढत होत्या, मेस्त्री. आणि तुम्ही गप्प बसलात?"

धाकूनं मान खाली घातली. ती पुढं जन्मभर वर झाली नाही. कुणी म्हणे भारानं, तो स्वतः म्हणे लाजेनं.

आजही करंजखोलात कुणाचंही घर उभं राहिलं, की तुळई चढवण्याआधी सुतार तिच्याखाली उभा राहतो. धाकूचं नाव घेतो आणि कामात आपली काय चूक झाली, ते घरच्या बायांसमोर मोठ्यानं सांगतो. चूक सांगितली की ती सुधारतात, मग नारळ फुटतो. माझी काहीच चूक नाही म्हणणाऱ्याची तुळई आमच्या गावात अजून चढलेली नाही.