मास्तरांनी कापलेली वायर

"पण मास्तर, बाबा तुमच्याशीच का बोलले? मी तर घरातच होतो!"

दिगूनं वालावलकर मास्तरांना विचारलं. कुडाळात कॉम्प्युटरचा पहिला क्लास त्यांनी काढला. दिगू मेस्त्री त्यांच्याच हाताखाली शिकला आणि पुण्यात मोठा साहेब झाला.

दिगूचे वडील, आपा, दशावतारात राजा व्हायचे. दशावताराची भाषणं कागदावर नसतात. नट उभा राहतो आणि बोलू लागतो. आयुष्यातल्या शेवटच्या पावसाळ्यात, दिगू अजून घरीच होता तेव्हा, खेळ बंद असताना आपा रोज क्लासात येऊन बसायचे आणि भाषणं म्हणायचे. मास्तर टाईप करायचे.

घरी मुलाजवळ मात्र चकार शब्द नाही. आपा गेले, वर्षं लोटली, पण दिगूला ते अजून सलत होतं.

आता त्या जुन्या कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह गंजला होता. भाषणं जिच्यावर होती ती डिस्क कुरकुरत होती. आज चालली, उद्याचा भरवसा नाही. म्हणून दिगूनं कॉलेजातला आपला जुनापुराणा लॅपटॉप आणला आणि दोघांमध्ये नवीकोरी वायर जोडली.

पडद्यावर हिरवी अक्षरं लुकलुकली. तीच घरघर, तापलेल्या धुळीचा तोच वास. दिगूला एकदम भरून आलं.

पण फाईल काही हलेना.

"वायर उत्तम आहे, मास्तर. मी स्वतः तपासलीय. सरळ इकडून तिकडे."

"सरळ आसा, तोच घोळ."

"म्हणजे?"

"ह्याची बोलूची तार त्याच्या बोलूच्या तारेक लावलंस. दोगव बोलतत... आयकता कोण?"

दिगूचे कान लाल झाले. क्लासात पहिल्या महिन्यातच शिकवलेली गोष्ट! साहेब झाला आणि नेमकी तीच विसरला.

मास्तरांनी सुरी घेतली आणि वायर मधोमध कापली.

"अहो मास्तर, नवी आहे ती!"

मास्तरांनी तारा सोलल्या, दोन तारांची अदलाबदल केली, बाकीच्या होत्या तशाच पिळून जोडल्या. त्यांना घाई नव्हती. दिगूच्या तोंडाला मात्र खळ नव्हता.

"मी काय कमी बोललो बाबांशी? नाटक सोडा म्हणालो. घरात लक्ष द्या म्हणालो. ह्या खोट्या राजेपणात काय ठेवलंय, म्हणालो. रोज सांगायचो. पण त्यांनी कधी..."

...

मास्तरांनी वायर पुन्हा लावली. लॅपटॉपवर एक ओळ उमटली. मग सावकाश दुसरी.

*प्रधानजी, दरबार भरला. सारे आले.*

*आमचा पुत्र अजून का आला नाही?*

दिगूचे डोळे भरले. पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली.

"मास्तरांनू, ह्या बाबांनी माज्यासाठीच... तुमका काय बोललले ते? माका सांगा. मी तेव्हा..."

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"गप रव, दिगू... अजून येताहा."