शास्त्रीबुवा मध्येच उतरले

एकदा एका शिष्याला फार राग आला. शिष्याने रागावू नये असे शास्त्र सांगते. पण ज्याला कशाचाच राग येत नाही, त्याला गुरूही फारसे काही शिकवू शकत नाही, असे आमचे मत आहे. तेव्हा त्याच्या रागाला आपण नावे ठेवू नयेत. तो कोणाच्या दारात जाऊन उभा राहिला, एवढेच पाहावे.

शिष्याचे नाव विश्वंभर. वय चौतीस. तालुक्याच्या गावी सकाळच्या शाळेत शिक्षक, आणि सुटीच्या दिवशी आसपासच्या गावांत 'वेळेचा सदुपयोग' या विषयावर व्याख्याने देणारा. दुपारी तो गावच्या वाचनालयात शास्त्रीबुवांकडे उपनिषदांच्या पाठाला येत असे. शास्त्रीबुवा ब्याऐंशी वर्षांचे. जन्मभर त्यांनी न्याय आणि वेदान्त शिकवला आणि आता वाचनालयाचे अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडले होते.

वाचनालयात एका कापडव्यापाऱ्याने देणगी दिलेला संगणक होता. सकाळी त्यावर स्पर्धापरीक्षेची मुले बसत. दुपारी तो रिकामा असे आणि त्या वेळेत तेथे रंगनाथ चिखले नावाचे गृहस्थ येऊन बसत. चिखले हे एसटीचे निवृत्त चालक. एकतीस वर्षांची विनाअपघात सेवा. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर मुलाने त्यांना खऱ्या गाडीच्या किल्लीला हात लावू दिला नाही. ते बरोबरच होते, पण बरोबर असलेली गोष्ट सोसायला सोपी असतेच असे नाही. मग सुटीत आलेल्या नातीने त्यांना वाचनालयातल्या संगणकावर बस चालवण्याचा खेळ लावून दिला. दोन वाजले की चिखले येत, चपला बाहेर काढत, कीबोर्डला हात लावून तो हात कपाळाला लावत आणि साडेतीनपर्यंत गाडी चालवत. तो दीड तास सोडला, तर त्यांचा बाकीचा दिवस नुसता पडून असे.

हे दृश्य विश्वंभरने एका मंगळवारी पाहिले आणि त्याच्या मस्तकात तिडीक गेली.

"गुरुजी, हे वाचनालय आहे की जत्रेतला पाळणा?" दुसऱ्या दिवशी पाठ सुरू होण्याआधीच तो म्हणाला. "सत्तरीचा माणूस भरदुपारी पोरखेळ करत बसतो आणि आपण त्याच भिंतीच्या अलीकडे कठोपनिषद वाचतो. मी मुलांना कोणत्या तोंडानं सांगू की खेळात वेळ घालवू नका?"

"तुला काय वाटतं, काय करावं?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"खेळ काढून टाकावा. मी अर्ज लिहून आणला आहे. आपण सही केली की झालं."

अर्ज दोन पानी होता. त्यात ज्ञानमंदिराचे पावित्र्य होते, राष्ट्राचे भवितव्य होते आणि 'शिस्त' हा शब्द तर पाच वेळा आला होता. दुसऱ्याच्या विसाव्याची चौकशी करण्याचा आपल्या लोकांना केवढा उत्साह. माणूस दुपारी दोन तास घोरत पडला तर त्याला कोणी विचारत नाही, पारावर बसून चार जणांची अब्रू चव्हाट्यावर आणली तरी चालते, पण तोच माणूस आपल्या आनंदासाठी कोपऱ्यात काही खेळू लागला, की साऱ्या गावाला त्याच्या आयुष्याची काळजी वाटू लागते. विश्वंभरचा राग खोटा नव्हता, हे मात्र खरे. खोटा असता तर आम्ही ही गोष्ट सांगितलीच नसती.

शास्त्रीबुवांनी अर्ज वाचला, घडी करून पुस्तकात ठेवला आणि म्हणाले, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता शास्त्रीबुवा पाठाला बसलेच नाहीत. काठी टेकत ते संगणकापाशी गेले, एक खुर्ची ओढून चिखल्यांच्या मागे ठेवली आणि म्हणाले, "रंगनाथराव, एक शेवटच्या थांब्यापर्यंत."

चिखल्यांनी वळून पाहिले. चेष्टा नाही हे त्यांना कळले असावे. "तिकिटाचं काय माज्याकडं नसतं, बुवा. बसा. पण घाट हाय, धरून बसा."

आणि ब्याऐंशी वर्षांचे शास्त्रीबुवा खुर्चीच्या कडेला धरून बसले. विश्वंभर दारात उभा राहून हे सारे पाहत होता आणि त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. ज्यांच्या एका वाक्यासाठी आपण तीन वर्षे दुपारची झोप सोडली, ते गुरू चित्रातल्या बसमध्ये प्रवासी होऊन बसले आहेत. व्याख्यानात हा प्रसंग सांगितला तर लोक हसतील, या विचाराने त्याचे कान तापले.

गाडी मात्र चालली होती. प्रत्येक थांब्यावर चिखले थांबत. चढलेली माणसे बसेपर्यंत गाडी हलवत नसत. वळण आले की भोंगा. उतारावर गाडी हळू. फाटकाच्या दांड्या वर होत्या, तरी त्यांनी गाडी उभी केली, दोन्हीकडे पाहिले आणि मगच रूळ ओलांडले. त्या खेळात वेगाला गुण होते, वेळेआधी पोचल्यास आणखी गुण होते. थांबण्याला काहीच नव्हते. दीड तासाने गाडी शेवटच्या थांब्याला लागली, तेव्हा पडद्यावर पाचपैकी एक तारा उमटला.

"एकच?" विश्वंभर दारातूनच म्हणाला. "एवढं खेळून तेही धड जमत नाही तर."

"रोज येकच देतो त्यो," चिखले म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्येचं काम त्यो करतो. बुवा, वाईच दम धरून उतरा."

शास्त्रीबुवा उतरले. म्हणजे खुर्चीवरून उठले. त्यांना मध्येच एक डुलकी लागून गेली होती.

बाहेर आल्यावर विश्वंभरला राहवले नाही. "गुरुजी, आपण सही करणार नसाल तर तसं स्पष्ट सांगा. पण हा खेळ इथं राहिला तर उद्यापासून माझा पाठ बंद. मला हे पाहवत नाही."

"सही करतो की," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "माझी एकच अट आहे. ज्या गोष्टीला दोष द्यायचा, ती एकदा स्वतःच्या हातात घेऊन पाहावी. उद्या रंगनाथराव येण्याआधी, एक वाजता, तू गाडी चालव. मी बसतो. तू शेवटच्या थांब्याला पोचलास की तिथंच सही."

विश्वंभर दुसऱ्या दिवशी आला तो कपाळावर आठ्या घालूनच. शास्त्रीबुवा मागे बसले. त्याने नाक मुरडत कळा दाबल्या आणि गाडी निघाली.

पहिली पाच मिनिटे त्याचे सारे लक्ष आपण हे नाइलाजाने करतो आहोत हे दाखवण्यात गेले. मग कोपऱ्यातले गुण वाढू लागले. एक तारा उजळला, थोड्या वेळाने दुसरा. विश्वंभर खुर्चीत पुढे सरकला. एका थांब्यावर डोक्यावर गाठोडे घेतलेली एक बाई हात करत उभी होती. पण तिथे थांबले तर बारा सेकंद जात होते आणि गाडी आधीच मागे पडली होती. त्याने बाईकडे पाहिले आणि गाडी तशीच पुढे काढली. घाटातल्या वळणावर पुढे मालमोटार रखडत होती. भोंगा न देता त्याने गाडी तिच्या उजव्या अंगाने घातली. तिसरा तारा लागला. खाली उतरताना कडेने जाणाऱ्या सायकलवाल्याला गाडीचा धक्का लागला आणि तो सायकलीसकट आडवा झाला.

"विश्वंभर," मागून आवाज आला, "तो पडला."

"उठतो तो लगेच, गुरुजी. त्याला काही होत नाही." विश्वंभरची नजर पडद्यावरून हलली नाही. चौथा तारा अर्धा भरला होता.

"मला उतरायचं आहे."

"इथं थांबा नाही. अजून अर्धं अंतर आहे."

"तरी मी उतरतो," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांनी काठी घेतली, खुर्ची भिंतीशी लावली आणि ते सरळ वाचनालयाच्या बाहेर चालू लागले.

विश्वंभरने दाराकडे पाहिले आणि मग पुन्हा पडद्याकडे पाहिले. येथे त्याची बाजू घेऊन आम्हांला खोटे बोलवत नाही. तो क्षणभर घुटमळला, आणि घुटमळला तो त्या अर्ध्या ताऱ्यापायी. मग गाडी रस्त्यात तशीच आडवी उभी करून तो गुरूंच्या मागे धावला.

शास्त्रीबुवा पायऱ्यांवर बसले होते. शर्टाच्या बाहीने ते तळहात पुसत होते.

"गुरुजी, हे बरोबर नाही," विश्वंभर म्हणाला. धाप लागली होती तरी आवाजातली धार गेली नव्हती. "शेवटच्या थांब्याला सही करतो म्हणालात आणि मध्येच उठून आलात. काल त्यांच्या मागे दीड तास बसलात. माझ्या मागे अर्धा तासही बसवलं नाही तुम्हांला?"

"मला भीती वाटली."

"भीती? अहो, तो खेळ आहे."

"कालचाही खेळच होता. काल मला झोप लागली आणि आज हाताला घाम फुटला. तूच सांग, मी काय करावं?"

शास्त्रीबुवांनी त्याला शेजारी बसण्याची खूण केली.

"हे बघ. शाळेत मुख्याध्यापक आहेत म्हणून तू नीट वागतोस. सभेत लोक आहेत म्हणून आणि माझ्यापुढे मी आहे म्हणून. मीही जन्मभर असाच वागत आलो, तेव्हा तुला एकट्याला बोल लावत नाही. पण खेळात धाक नसतो. पडलेला उठून चालू लागतो, मागे राहिलेला तक्रार करत नाही, आणि आपण काय केलं हे कोणी विचारत नाही. तिथं माणूस जसा असतो तसाच उघडा पडतो. म्हणून मी रंगनाथरावांच्या मागे जाऊन बसलो. मला त्यांचा खेळ बघायचा नव्हता, त्यांना बघायचं होतं. कोणी बघत नाही, कोणी शाबासकी देत नाही, उलट रोज एक तारा तोंडावर फेकला जातो, आणि तरी हा गृहस्थ चित्रातली म्हातारी बसेपर्यंत गाडी हलवत नाही. विश्वंभर, आपण दोघे आत्मज्ञानाची पुस्तकं वाचतो. भिंतीपलीकडे एक माणूस ती न वाचताच तसा वागतो आहे, आणि तू त्याला उठवायला निघालास."

विश्वंभरचा चेहरा उतरला, पण राग अजून पुरता उतरला नव्हता. "म्हणजे मी वाईट माणूस आहे, असं म्हणायचं आहे का आपल्याला?"

"नाही रे. तू घाईतला माणूस आहेस. शिस्त तुला फार आवडते, पण ती दुसऱ्यांना लावायची घाई झाली आहे. आणि घाईतल्या माणसाला रस्त्यावर उभी असलेली माणसं दिसत नाहीत, एवढंच. राग ठेव. पण आधी आपण कोणाकोणाला मागे टाकून आलो ते बघ आणि मग रागाव." मग ते म्हणाले, "अर्ज माझ्यापाशी आहे. सही करू?"

"नको," विश्वंभर म्हणाला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच सांगितले, पण खालच्या आवाजात. "नको, गुरुजी."

शास्त्रीबुवा घरी गेले. विश्वंभर पुष्कळ वेळ पायरीवर बसून राहिला. आपल्या व्याख्यानांतली वाक्ये त्याला आठवत होती आणि एकेका वाक्याबरोबर, ते ऐकणाऱ्यांतली मान खाली घातलेली माणसेही आठवत होती. त्या माणसांची दुपार कशी जाते, हे त्याने कधी विचारले नव्हते.

शेवटी तो संगणक बंद करायला म्हणून आत गेला. वाचनालयात कोणी नव्हते. पडद्यावर गाडी तशीच आडवी उभी होती. तो खुर्चीवर बसला. गाडी सरळ केली आणि मग, नेमके काय करतो आहे ते स्वतःलाही न सांगता, त्याने ती वळवली आणि घाटाकडे परत चालवू लागला.

खेळाला हे पसंत पडले नाही. उलट दिशेने जात असल्याची सूचना पडद्यावर लाल अक्षरांत चमकू लागली. चौथा तारा विझला, मग तिसरा. विश्वंभर गाडी हळू चालवत होता. वळणावर त्याने भोंगा दिला.

दोन वाजून गेले होते. चिखले केव्हा येऊन मागे उभे राहिले, ते त्याला कळले नाही. त्यांची सावली कीबोर्डवर पडली तेव्हा तो चपापून उठू लागला. "बसा, काका. तुमची वेळ झाली. मी उठतो."

"ऱ्हाऊ द्या. गाडी रस्त्यात सोडून उठू नये," चिखले म्हणाले. त्यांनी वाकून पडद्याकडे पाहिले. लाल अक्षरे पाहिली, गुण पाहिले. "उलटं का निगालाय?"

विश्वंभरने मान वर केली नाही. "मागच्या थांब्यावर एक बाई होती. मी तिला घेतलं नाही."

दुसरा ताराही विझला.

"मग सावकाश घ्या, मास्तर," चिखले म्हणाले. "घाई करू नका. वाट बगत आसंल ती."