सुपं विणणारी बाई आणि नऊ खळगे

फार फार पूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही ही गोष्ट जुनीच वाटायची इतक्या पूर्वी, एका राज्यात एक टेकडी होती. टेकडीवर नऊ खळगे खणलेले होते. हातात वाकडी काठी घ्यायची, लाकडी चेंडू टोलवत टोलवत एकेका खळग्यात घालायचा, आणि सर्वांत कमी टोल्यांत नऊ खळगे पुरे करील तो जिंकला, असा तिथला खेळ. साऱ्या राज्याला त्याचं वेड होतं.

त्या राज्यात सुपं विणणारी एक बाई राहायची. सकाळी बांबू सोलायची, दुपारी सुपं विणायची आणि उन्हं कलली की काठी घेऊन टेकडी गाठायची. काठीही तिनंच बांबूच्या मुळापासून घडवलेली. सतराव्या वर्षी तिनं जत्रेतला सामना पहिल्यांदा जिंकला. पुढं लग्न झालं, दोन लेकरं झाली, केस पिकू लागले, तरी बहुतेक वर्षी तीच जिंके. बक्षीस काय, तर झेंडूची माळ! दुसऱ्या दिवशी घरची शेळी ती खाऊन टाकी. बाईला त्याचं काही वाटत नसे.

मग नवा राजा गादीवर आला. तोही या खेळाचा शौकीन. त्यानं तीन राजखेळाडू पदरी ठेवले. ते राजाशी रोज खेळत आणि रोज एका टोल्यानं हरत. मोठं कष्टाचं काम हो ते! मुद्दाम हरायचं, आणि तेही बेताबेतानं.

राजानं बाईला बोलावलं. "आजपासून तू राजखेळाडू. सुपं विणणं सोड. वाडा देतो. फक्त आमच्याशी खेळताना जरा समजून खेळायचं."

बाई म्हणाली, "महाराज, मी सुपं विकते. खेळ विकायला काढलेला नाही."

राजाला वाटलं, दिलेलं कमी पडलं. त्यानं वाड्याला बाग जोडली, बागेला विहीर जोडली. बाईनं दर वेळी नकारच दिला. तेव्हा राजाचा पारा चढला.

"येत्या जत्रेत माझ्याशी खेळ. हरलीस तर सुखानं राहा. जिंकलीस, तर दिवस मावळायच्या आत राज्याबाहेर व्हायचं."

घरी नवरा काकुळतीला आला. "अगं, एकदा हरलीस तर काय बिघडतं? इथं घर आहे, आपलं बांबूचं बेट आहे."

"अहो, हरायला माझी ना नाही," ती म्हणाली. "त्याचा खेळ सरस निघाला, तर मीच त्याला माळ घालीन. पण मुद्दाम नाही हरायची."

जत्रेला सारं राज्य लोटलं. खरं सांगायचं तर राजा वाईट खेळत नव्हता. आठ खळगे झाले, दोघांचे टोले सारखेच. नवव्यात राजाचा चेंडू पाच टोल्यांत पडला. बाईचा चेंडू तीन टोल्यांत खळग्यापासून वीतभर लांब येऊन थांबला होता. आता हा टोला बसला, की ती एका टोल्यानं जिंकणार होती.

राजा जवळ येऊन हळूच म्हणाला, "दोनदा चुकव. घर राहील."

बाईला घर आठवलं, लेकरं आठवली. आणि मग तिला राजाचा असा संताप आला, की तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "महाराज, वीतभरावरून मी लहानपणीसुद्धा चुकले नाही!"

चेंडू खळग्यात पडला.

दिवस मावळायच्या आत ती नवरा, लेकरं आणि शेळी घेऊन राज्याच्या शिवेवरच्या नदीपार झाली. तिथल्या माळावर तिनं स्वतःच्या हातांनी नऊ खळगे खणले. पुढच्या जत्रेला निम्मं राज्य नदी ओलांडून तिकडं गेलं. म्हातारपणी एका मेंढपाळाच्या लेकीनं तिला तीन टोल्यांनी हरवलं. बाईनं पोरीच्या गळ्यात माळ घातली, आपल्या चुकांवर चरफडत घरी आली आणि पोटभर जेवली.

इकडं राजा रोज जिंकत होता. एकदा त्यानं सर्वांत जुन्या राजखेळाडूला विचारलं, "खरं सांग, मी चांगला खेळतो का रे?"

राजखेळाडूनं मान खाली घातली. "महाराज, मी तुमच्या पदरचा माणूस. मला कसं विचारता?"

खरं सांगणारं एकच माणूस त्याच्या राज्यात होतं, आणि त्याला त्यानंच हाकलून दिलं होतं.

तेव्हा लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा : हरण्यात कमीपणा नाही, पण धाकानं किंवा लोभानं मुद्दाम हरू नये, कारण तशा खेळात जिंकणाराही फसतो.