तारवाची पाठ

वेळखोलच्या खाडीच्या तोंडाशी, दोन टेकाडांच्या बरोबर मध्ये, पाणी पांढरं फुटताना दिसतं ना, त्या जागेला आम्ही तारवाची पाठ म्हणतो. वारा पडलेला असो, समुद्र तेलासारखा सपाट असो, तिथलं पाणी काही स्वस्थ बसत नाही. होडीवाले तुम्हाला तिथं फिरवून आणतात आणि खाली सोन्याचे हंडे आहेत म्हणून सांगतात. साफ खोटं. सोनं असतं तर त्यांच्या आज्यांनी ते कधीच वर काढून मोडलं असतं. खाली काय आहे ते मी माझ्या आजेसासूकडून ऐकलं, आणि तिनं तिच्या आजेसासूकडून. पुरुषांकडून ऐकाल तर त्यात एक गोष्ट गाळलेली असते. ती कुठली, ते आपोआप कळेल.

फार मागं, एका कार्तिकातल्या तुफानानं गावाच्या चौदा होड्या नेल्या, म्हणे. दोन उरल्या. गाव त्या दोन होड्यांवर कसंबसं जगत असताना मार्गशीर्षात, चतुर्थीच्या सकाळी, खाडीच्या तोंडाशी एक तारू दिसलं. तीन डोलकाठ्या, शिडांच्या चिंध्या, सुकाणूवर कोणी नाही. नांगर तुटलेला. भरतीबरोबर ते आत यायचं, ओहोटीबरोबर बाहेर जायचं. ना किनाऱ्याला लागे, ना नजरेआड होई. बायकांचं चुलीवर लक्ष लागेना, पुरुषांचं जाळ्यावर. जो तो कपाळाला हात लावून समुद्राकडं बघत उभा.

गोमाजी तांडेल तेव्हा गावाचा पुढारी होता. तो म्हणाला, "अस्सल सागवान हाय. ह्यातून वीस होड्या निघतील. देवानंच धाडलंय, धरा." म्हातारे म्हणाले, "रिकामं तारू म्हणजे कोणाचं तरी मरण. भोकं पाडा आणि बुडवा." दोन भरत्या असाच वाद चालला. शेवटी आधी वर चढून बघायचं ठरलं, आणि तांडेलानं पोसूला धाडलं. पोसूसारखा दोरावर चढणारा दुसरा कोणी नव्हता.

होडीत चौघे गेले. तिघे खाली थांबले, पोसू वर चढला. थोड्या वेळानं त्याची हाक आली, "एक जिता हाय रे! पाणी मागतोय!" मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "बाकीचे मेलेत. सगळ्यांच्या अंगावर देवी हायत."

देवीचा रोग म्हणजे काय, हे आता तुम्हाला सांगून कळायचं नाही. गावंच्या गावं ओस पडत. तो शब्द कानावर पडताच तिघांनी होडी फिरवली. पोसूनं उतरायला दोर टाकला तो नुसता पाण्यात पडला, आणि तिथली ओढ अशी की पोहून येणंही जमायचं नाही.

पोसूची बायको ठकू. तिला सातव्या वर्षी देवी येऊन गेल्या होत्या आणि तोंडभर वण ठेवून गेल्या होत्या. गावात तिचं नाव चाळणी. कोणाच्या हळदीला तिला पुढं उभी करत नसत. पोसूनं मात्र तिला स्वतः मागणी घालून केलेली. ती त्या दिवसापासून खडकावर जाऊन बसली. भरतीला तारू आत आलं की हाक ऐकू येण्याइतकं जवळ यायचं.

"ठकू, जेवलीस काय गो?"

"माझं राहू दे! तू काय खातोस ते सांग!"

"तांदूळ हाय हितं. माठात पाणी हाय. तो मेला गो, पाणी मागणारा. त्याची भाषा काय कळली नाय."

मग ओहोटी लागायची आणि त्याचा आवाज बारीक होत जायचा. नवव्या दिवशी तारू आत आलं, पण पोसू कठड्याशी उभा राहिला नाही. आडवा पडूनच ओरडला, "अंग तापलंय."

आता पुनव दोन दिवसांवर. पुनवेचं उधाण ते तारू उचलून थेट गावाच्या पुळणीवर आणणार, हे पोरालाही कळत होतं. त्याच दुपारी देवळापुढं गाव जमलं. तांडेल म्हणाला, "उद्या दोन्ही होड्या काढायच्या. लांबूनच झावळ्यांचे पेटते चुडते टाकायचे, तारू जाळायचं."

"आणि माझा घोव?" ठकूनं विचारलं.

"साठ पोरं हायत गावात, ठकू."

"त्याला तिथं कोणी धाडला?"

मागून एकजण म्हणाला, "ए चाळणी, खाली बस."

ठकू त्याच्याकडं वळली. "चाळणी ना? मग ऐक. देवी ज्या घरी एकदा जेवून जाते, तिथं पुन्हा पान मांडायला सांगत नाय. मला त्या तारवाची भीती नाय. अशी तोंडं गावात अजून किती हायत? उठा."

पाच बायका उठल्या. जन्मभर मागं उभ्या राहिलेल्या त्या पाचजणी.

"वल्ही आम्ही मारू," ठकू म्हणाली, "पण तारवावरचं काम जाणणारा एक तरी पाहिजे." आणि ती जाऊन गोमाजीसमोर उभी राहिली. "तांडेल, दाढी काढा."

गोमाजीची दाढी छातीपर्यंत होती. त्याची हनुवटी त्याच्या बायकोनंही कधी बघितली नव्हती, असं सांगतात.

"एकाच वर्षी, एकाच खळ्यात, एकाच निंबाच्या पाल्यावर निजलो होतो आपण दोघं. मी तोंड घेऊन वाढले, तुम्ही दाढी घेऊन. पहिल्या दिवशीच तुम्ही त्याला उतरवून आणू शकत होतात. तुम्हाला काय होणार नव्हतं."

ही ती गाळलेली गोष्ट. पुरुष सांगतात की तांडेल आपणहून उठला. आपणहून उठला असता तर नऊ दिवस कशाला बसला असता?

गोमाजीनं न्हाव्याला हाक मारली. सगळ्या गावादेखत दाढी उतरवली. आत वणच वण. मग तो घरी गेला, कुऱ्हाड आणि गिरमिट घेऊन आला आणि होडीत बसला.

सहा बायका आणि एक पुरुष तारवाला जाऊन लागले. पोसू शिडाच्या तुकड्याखाली पडला होता, तोंडावर पुरळ उमटायला लागलेलं. त्याला त्याच शिडात गुंडाळून खाली होडीत उतरवलं. एवढं झालं, आणि तांडेलाचा हात तारवाच्या फळीवर जाऊन पडला.

"ठकू, असं लाकूड जन्मात मिळायचं नाय. बाहेर नेऊन बांधून ठेवू, वर्षभर उन्हापावसात पडू दे. मग तरी?"

"उधाण तुमचा दोर मानणार हाय? हे पुळणीवर आलं की पहिली पोरं धावतील फळ्या काढायला. किती जणांना आवराल?"

"चौदा होड्या गेल्यात गो. गाव काय खाईल?"

"ते मला दिसत नाय असं नाय. पण ह्या लाकडापायी तुम्ही माणूस टाकलात. त्याच लाकडाच्या होडीत बसून माझा घोव समुद्रावर जायचा नाय."

तांडेलानं फळीवरचा हात काढला. मग गिरमिट घेऊन स्वतः तळाशी उतरला. मेलेल्यांना बायकांनी ओळीनं निजवलं, प्रत्येकाच्या उशाशी मूठभर तांदूळ ठेवला. ओहोटी लागली तसं तारू खाडीच्या तोंडाकडं सरकलं आणि दोन टेकाडांच्या मध्ये, न कलंडता उभंच्या उभं खाली गेलं. पुढं डोलकाठ्या मोडल्या, वाळू चढत गेली, आणि त्याची पाठ झाली.

पोसूला गावात आणला नाही. उत्तरेच्या टेकाडावर झोपडी घालून सातजणांनी त्याची शुश्रूषा केली. एक डोळा गेला, पण माणूस वाचला. गावात दुसऱ्या कोणाला देवी आल्या नाहीत. मात्र त्यानंतर तीन वर्षं गावानं तिसऱ्या आणि कालवं, नुसते शिंपले खाऊन काढली, आणि त्या तीन वर्षांत ठकूनं शिव्याही पोटभर खाल्ल्या. आमचे लोक उपकार विसरत नाहीत, पण भूक लागली की आठवतही नाहीत.

पुढल्या नारळी पुनवेला गोमाजी नारळ घेऊन पाण्याशी गेला तो गुळगुळीत हनुवटीनं. त्यानं मागच्या रांगेतून ठकूला पुढं बोलावलं. ती आली, पण नारळाला हात लावला नाही. गेरू कालवायला सांगितला, बोट बुडवलं आणि आधी तांडेलाच्या, मग समोर आलेल्या एकेकाच्या तोंडभर ठिपके काढले. हळदीत जिनं तिला मागं ढकललं होतं तिच्याही. "आता सोडा नारळ," म्हणाली.

आजही नारळी पुनवेला आमच्या गावातला बाप्या दाढी करूनच पुळणीवर येतो. घरातली बाई त्याच्या आणि आपल्या तोंडावर गेरूचे ठिपके काढते, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मगच नारळ पाण्यात जातो. देवीचा रोग जगातून गेला, तसे वण असलेलं एकही तोंड आता गावात उरलेलं नाही. तरी हे चुकत नाही. मागं एका वर्षी शहरातून एक मोठे पाहुणे आले होते, मानाचा नारळ त्यांच्या हातून सोडायचं ठरलेलं. दाढी मोठी झोकदार. त्यांना सांगितलं, न्हावी तिकडं उंडीच्या झाडाखाली बसलाय. ते हसले. आम्ही कोणी हसलो नाही. ठिपक्यांची तीनशे तोंडं त्यांच्याकडं बघत उभी राहिली, नारळ पाटावर तसाच, आणि भरती उलटायला लागली तेव्हा पाहुणे उठले आणि न्हाव्यापुढं जाऊन बसले.