गोजरा कुंभारणीचं गळकं मडकं

कोणे एके काळी, म्हणजे इतक्या जुन्या काळी की तेव्हा ज्या राजाचं राज्य होतं त्याचं नावही आता कुणाच्या तोंडी उरलेलं नाही, एका तळ्याच्या काठी एक गाव होतं. लहानांनो, जवळ सरका. मोठ्यांनो, तुम्हीही सरका. गोष्ट भीतीची आहे, आणि भीती काही एकट्या पोराबाळांना वाटत नाही.

त्या गावाची एक रीत होती. घरात गळकं मडकं ठेवायचं नाही. का? तर माणूस मेलं की चितेभोवती फिरताना खांद्यावर पाण्याचं मडकं घेतात, त्याला भोक पाडतात आणि धार गळू देतात. म्हणून गळकं मडकं मसणातच असायचं. घरात मडकं गळायला लागलं म्हणजे मरणाला आमंत्रण गेलं, असं गाव मानायचं. कुंभाराने आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडला की प्रत्येक मडकं पाण्याने भरून बघायचं, आणि जे गळेल ते दिवस मावळायच्या आत शिवेवर नेऊन फोडायचं. यात हयगय चालत नसे.

मागे एकदा एका तेल्याने हयगय केली. गळका माठ उद्या फोडू, परवा फोडू म्हणत ठेवून दिला. त्याच महिन्यात गावात दोन माणसं गेली. झालं! गावाने तेल्याच्या दारावर बाभळीचे काटे रचले आणि त्याला तळ्यावर यायची बंदी केली. बायकापोरांना घेऊन तो कुठे गेला, जगला की मेला, कुणीही विचारलं नाही. त्या ओसाड घरावरून जाताना लोक अजून पाय उचलून चालायचे.

ते घर गोजरा कुंभारणीच्या अंगणातून समोरच दिसायचं. गोजराचा नवरा वारला होता. माती तीच तुडवायची, चाक तीच फिरवायची. तिला एकच लेक, पाच वर्षांची, ठकी. शेजारी सगुणा कोष्टीण राहायची आणि दोन्ही घरांमध्ये भिंत एकच होती. सगुणाची दोन लेकरं होती, एक मैना, ठकीच्याच वयाची, आणि एक पाळण्यातलं. ठकी आणि मैना एकाच ताटात जेवायच्या, एकीला मारलं की दुसरी रडायची.

एका साली ऊन असं तापलं की तळं आटत आटत डबक्याएवढं झालं. त्याच पाण्यात गुरं बसायची, त्याच पाण्यात धुणी व्हायची आणि त्याच पाण्याने घागरी भरायच्या. पाणी आधी हिरवं झालं, मग त्याला वास यायला लागला. आणि मग ती आली.

तिचं नाव गाव घेत नव्हतं. नाव घेतलं की ती आपल्या घरी येते म्हणे. 'ती सुताराकडे गेली,' 'ती वरच्या आळीला पोचली,' एवढंच लोक दबक्या आवाजात बोलायचे. सकाळी पोटात कळ यायची, दुपारपर्यंत जुलाब आणि ओकाऱ्यांनी माणूस आडवं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी डोळे खोल जाऊन ओळखू येईनासं व्हायचं. लोकांनी दारांना कडुनिंब बांधला, कोंबडे कापले, परक्या माणसाला गावात येऊ दिलं नाही. पाण्याकडे मात्र कुणाची नजर गेली नाही. हेच पाणी आज्यापणज्यांनी प्यायलं होतं ना!

गोजराचं काम वाढलं. नको ते काम! रोज कुणीतरी मान खाली घालून दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "एक मडकं दे, बाई." ती न विचारता उचलून द्यायची. चांगली माती तळ्याच्या पलीकडच्या काठाला मिळायची, पण तिथेच मेलेल्यांची अंथरुणं धुवायला आणायचे. तिकडे पाय ठेवायचा तिला धीर होईना. मग आहे तेवढी माती पुरवायची कशी? एरवी ती मातीत मूठभर भाताचं तूस घालायची. या खेपेला तिने तूस कुटून, चाळून बारीक केलं आणि दोन पाट्या मातीला एक पाटी तूस मिसळलं. असली मडकी तिच्या सासऱ्याने पाहिली असती तर चाकच फेकून दिलं असतं.

मडकी भाजून निघाली. गोजराने पहिलं मडकं तळ्याच्या पाण्याने भरलं, दोन विटांवर ठेवलं आणि खाली परात सरकवली. मग ती भाकरी थापायला बसली. भर दुपार होती, आळीत चिटपाखरू नव्हतं. ठकी उंबऱ्याशी झोपली होती.

टप्.

गोजराचा हात थांबला.

टप्. टप्.

झोपलेलं लेकरू आणि घरात गळणारं मडकं! तिने कोपऱ्यातली मडकी ठोकायची लाकडी थापी उचलली, धावत मडक्याशी गेली आणि हात उगारला. मारणार एवढ्यात तिची नजर परातीवर पडली. परातीत न कळत बोटभर पाणी साठलं होतं, आणि त्या पाण्यातून परातीचा तळ दिसत होता. तळ! गेल्या दोन महिन्यांत गावात कुणी भरल्या भांड्याचा तळ पाहिला नव्हता.

तिने मडक्यात डोकावलं. वरचं पाणी तसंच हिरवं होतं. बोट फिरवलं तर मडक्याच्या आतल्या अंगाला बुळबुळीत गाळ लागला. मडक्याला भोक नव्हतं, चीरही नव्हती. कुंभारीण होती ती, तिला उमगायला वेळ लागला नाही. भट्टीत तूस जळून गेलं होतं आणि त्याच्या जागी सुईच्या टोकाहून बारीक वाटा राहिल्या होत्या. पाणी त्या वाटांनी खाली उतरत होतं आणि घाण वर अडकत होती.

गोजरा थापी हातात धरून उभी राहिली. फोडावं तर हे निर्मळ पाणी जाईल. ठेवावं तर मरणाला बोलावणं जाईल.

शेवटी तिने ठरवलं, आधी आपण प्यायचं. मेलो तर आपण मरू. पहिल्या दिवशी घोटभर पाणी पिऊन ती भिंतीला टेकून बसली आणि पोटात कळ कधी येते याची वाट बघत राहिली. जरा गुरगुरलं की तिला वाटे, आली! दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही गेला. चौथ्या दिवशी तिने डोळे घट्ट मिटून ठकीच्या ओठांना वाटी लावली.

ठकीला काही झालं नाही. आजूबाजूची घरं एकेक करून रिकामी होत होती, आणि ठकी अंगणात सागरगोटे खेळत होती.

आता तुम्ही म्हणाल, मग ओरडून सगळ्या गावाला सांगायचं नाही का? अहो, सोपं आहे आपल्याला इथे बसून म्हणायला! गोजराने दारातून मान वर केली की समोर तेल्याचं घर दिसायचं. दारावरचे काटे वाळून पांढरे पडले होते. आपल्याला हाकललं तर ठकीला घेऊन आपण कुठे जाणार? तिने मडकं आतल्या खोलीत नेलं, त्यावर पाटी पालथी घातली आणि परातीत जाड फडकं अंथरलं. थेंब पडला तरी आवाज होऊ नये म्हणून! त्याच आव्यातली बाकीची मडकी मसणासाठी गेली, तिथे गळणं कुणाला खटकलं नाही. ते फडकं पिळून लेकीला पाणी पाजायची वेळ आली तरी चालेल, पण कुणाला कळायला नको होतं.

एके सकाळी सगुणा दारात आली. "गोजरे, तुझी ठकी बरी धडधाकट आहे गं. काय देतेस तिला? मलाही सांग की."

गोजराने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. "काय देणार बाई मी? देवाची कृपा."

"माझ्या मैनेवरही असू दे म्हणावं देवाला," सगुणा म्हणाली आणि ठकीच्या गालावरून हात फिरवून निघून गेली.

आठ दिवसांनी मैनेला कळ आली.

भिंत एकच होती. गोजराला सगळं ऐकू येत होतं. मैना पाणी मागत होती आणि सगुणा पाजत होती. त्याच तळ्याचं, दुसरं आणणार कुठून? गोजराने लोटा भरला. दारापर्यंत गेली. सगुणाच्या अंगणात दहा माणसं बसली होती, पाटीलही होते. हे पाणी कुठलं, असं कुणी विचारलं तर? ती परत फिरली. पुन्हा उठली, पुन्हा उंबऱ्यापर्यंत गेली आणि पुन्हा परतली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा भिंतीपलीकडे मैना पाणी मागायची थांबली होती.

त्या दिवशी गोजराच्या दारात मडकं मागायला कुणी आलं नाही. लहान लेकराला मडकंही लागत नाही. नुसता खड्डा लागतो.

ठकी दोन दिवस विचारत राहिली, "आई, मैना उठली का?" तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून पाळण्यातल्या बाळाचं रडणं वाढलं. सगुणा त्याला उकळलेल्या पेजेवर ठेवत होती, पण पेजेनंतर पाणी पाजत होती तळ्याचंच. आता गोजराला दोन भीती होत्या, काट्यांची आणि त्या रडण्याची. रडण्याची भीती मोठी झाली.

भर उन्हात तिने मडकं उचललं, पाण्याने भरलं आणि थेंब गाळत गाळत, सगळ्या आळीसमोरून, सगुणाच्या अंगणात नेऊन ठेवलं.

एका क्षणात बोंब झाली. "गळकं मडकं! कुंभारणीने घरात गळकं मडकं ठेवलं!" माणसं जमली, कुणी दगड उचलले. पाटील हातात दगड घेऊन पुढे आले. त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा आठवड्यापूर्वी गेला होता आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

"कुंभारणी, गावावर मरण आणलंस ते तू!"

"नाही हो पाटील, देवाशपथ नाही! मरण पाण्यात आहे. या मडक्यातून गळालेलं पाणी माझी ठकी पिते, म्हणून जगली आहे. महादेवाच्या पिंडीवरसुद्धा गळतं भांडं टांगतातच की!"

"तो देव आहे. त्याला मरणाची भीती नाही, आपल्याला आहे. फोडा ते!"

"थांबा," दारातून आवाज आला. सगुणा होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं. ती सावकाश पुढे आली आणि गोजरासमोर उभी राहिली. "किती दिवसांपासून आहे हे तुझ्याकडे?"

गोजरा मडक्याकडे बघत राहिली.

"गोजरे, किती दिवस?"

"एकवीस."

सगुणाने बोटांवर मोजलं. सगळ्यांसमोर, एकेक बोट दुमडून मोजलं. "मी तुला विचारायला आले तेव्हा होतं?"

"होतं."

"माझी मैना पाणी पाणी करत होती तेव्हा?"

"होतं गं. मला भीती वाटली. मी दारापर्यंत आले होते..."

सगुणा रडली नाही, ओरडलीही नाही. तिने बाळ जावेच्या हातात दिलं, खाली वाकली आणि मडकं उचललं. लोकांना वाटलं, आता आपटणार. तिने ते खांद्यावर घेतलं, जसं मसणात घेतात तसं, आणि थेंबांनी पाठ भिजवत स्वतःच्या उंबऱ्याकडे चालायला लागली.

"सगुणाबाई, काय करतेस? मरण येईल घरात!" पाटील ओरडले.

सगुणाने मागे वळून पाहिलं. "ते येऊन गेलं, पाटील. तुमच्याकडेही येऊन गेलं. हे मडकं नव्हतं तरीही आलं."

पाटलांच्या हातातला दगड खाली पडला. कुणीच पुढे झालं नाही.

सगुणाचं बाळ जगलं. चार दिवसांनी सुताराची बायको तोंड लपवत मडकं मागायला आली, मग वरची आळी आली, मग पाटलांनी गडी पाठवला. गोजराने रात्रंदिवस माती तुडवली. दोन पाट्या मातीला एक पाटी तूस, हे माप तिने दारात उभं राहून येईल त्याला सांगितलं, दुसऱ्या गावच्या कुंभारांनाही बोलावून शिकवलं. तळ्यावरची माती आता गावच आणून द्यायचं, तूस फुकटचं. महिन्याभरात घरोघरी मडकी गळायला लागली आणि जिचं नाव गाव घेत नव्हतं ती गावातून निघून गेली.

गोजराचं गावात मोठं नाव झालं. सुगीला तिला सगळ्यांच्या आधी धान्य मिळायचं. मडकं वर्षा-दीड वर्षात गाळाने बुजायचं, मग प्रत्येक घर नवं न्यायला यायचं. सगुणाही यायची. सूपभर धान्य ओट्यावर ठेवायची, मडकं टिचकी मारून बघायची आणि उचलून न्यायची. गोजरा दर वेळी म्हणायची, "बस की गं जरा." सगुणा बसली नाही. दोघी म्हाताऱ्या झाल्या, त्यांची नातवंडं एकमेकींच्या अंगणात खेळली, पण त्या दिवसानंतर सगुणा गोजराशी एक शब्दही बोलली नाही.

ऐकणाऱ्यांनो, गाठीला बांधायचं ते एवढंच: जे आपल्याला वाचवतं ते भीतीपोटी लपवून ठेवलं, तर शेजाऱ्याच्या मरणात आपलाही वाटा असतो.