ओल्या सिमेंटातले खांब

"मग माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा मास्तर."

उमाकांत बिराजदारनं परत विचारलं. खो-खोच्या खांबाशी उकिडवे बसून चनबसू मास्तर बुंध्याचं सिमेंट अंगठ्यानं दाबून बघत होते. अंगठा अलगद आत गेला.

"आजच ओतलंय," उमाकांत म्हणाला. "रात्रीत दगड होईल."

"होईल की..."

आता गोष्ट अशी, की गावात मैदान एकच, नगरपालिकेचं, आणि तेही एवढंसं. खेळणारी मंडळं तीन. उमाकांतची खो-खोची पोरं, रेश्मा मुल्लाच्या कबड्डीच्या मुली आणि स्टेशनपलीकडचे फुटबॉलवाले. खेळ झाला की खो-खोवाल्यांनी खांब उपसायचे, खड्डे बुजवायचे आणि मैदान पुढच्याला मोकळं करून द्यायचं, ही रीत चनबसू मास्तरांनीच घालून दिलेली. उमाकांतलाही त्यांनीच घडवला. मास्तर थकल्यावर मंडळ त्याच्या हातात आलं.

उद्या पालिकेत वेळा वाटून घ्यायची बैठक होती. त्याआधीच उमाकांतनं दोन्ही खांब सिमेंटात गाडून टाकले. खांब कायमचे उभे राहिले की दुसऱ्या कुणाची आखणी तिथं बसत नाही. मग बैठकीत कुणी काही का बोलेना. डोकं चालवलं होतं, नाही कोण म्हणतो?

पण एवढं करूनही गड्याला चैन नव्हतं. दुपारचं जेवण गेलं नाही. म्हणून तर तो मास्तरांना घरून घेऊन आला होता. त्यांनी एकदा 'बरं केलंस' म्हणावं, बस्स, एवढीच त्याची आस.

"राज्य स्पर्धा तोंडावर आलीय," तो येरझाऱ्या घालत म्हणाला. "मैदानाला पाणी आम्ही मारतो, खडे आम्ही वेचतो. सरावच झाला नाही तर माझ्या पोरांनी करायचं काय? त्या मुलींचं काय, त्या कुठंही खेळतील."

"कुठं खेळतात?"

"...त्यांचा वार नसला की शाळेमागच्या रस्त्यावर."

"डांबरी?"

रेश्माचे गुडघे उमाकांतनं कालच बघितले होते. सोलून निघाले होते. ती त्याला एका शब्दानं बोलली नव्हती, आणि तेच त्याला खुपत होतं.

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल, चौकात बस."

"आता? या वयात?"

"बस."

खो-खोत पाठलाग करणारे मधल्या पट्टीतल्या चौकांत बसतात, एकाचं तोंड इकडं तर शेजारच्याचं तिकडं. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की उठून पळायचं, आणि खो देणाऱ्यानं त्याच्या जागी बसायचं. त्याआधी उठलं तर फाउल. उमाकांत खेळायचा तेव्हा नेमकी तीच त्याची खोड. दम म्हणून धरवत नसे.

तो बसला. टाचा उचललेल्या, बोटं मातीला टेकलेली. तोंड आलं फाटकाकडे. फाटकाबाहेर कबड्डीच्या मुली खांद्याला पिशव्या अडकवून उभ्या होत्या. आज त्यांचा वार होता. रेश्मा खांबाकडे बघत होती.

मागून मास्तरांच्या चपलांचा आवाज जवळ आला. उमाकांतचं अंग ताठलं.

आवाज पुढं निघून गेला...

पुन्हा आला. पुन्हा गेला. पोटऱ्या भरून आल्या तसा उमाकांत उठलाच.

"फाउल," मास्तर म्हणाले. "बस खाली."

बसला बिचारा. मुली अजून तिथंच होत्या. एकीनं पिशवी खाली ठेवली, मग परत उचलली. बघायचं नाही म्हटलं तरी तोंडच तिकडं होतं. त्याला लाज वाटली, मग राग आला, मग परत लाज वाटली. मांड्या थरथरायला लागल्या.

"मास्तर, खो द्या की."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? खो मिळाल्याशिवाय मी उठू कसा? नुसतं बसून कुठं खेळ होतो का?"

मास्तर सावकाश त्याच्या समोर आले. एकदा फाटकाकडे पाहिलं. मग अंगठ्याला लागलेलं ओलं सिमेंट त्यांनी धोतराला पुसलं.

"उठतोस कशाला, उमाकांता? जागा तुझीच झालीय आता. बस."