डोक्यावरची ज्योत

एकदा काय झालं, बरं का, खाडीकाठच्या एका ख्रिस्ती गावात आभाळातून विस्तव उतरला.

पेंटेकॉस्टचा सण होता. फार पूर्वी येशूच्या शिष्यांवर देवाचा आत्मा अग्नीच्या जिभांसारखा उतरला होता ना, तसंच झालं. लोक चर्चमधून बाहेर पडले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक ज्योत येऊन बसली. केस जळले नाहीत. फादरांचं टक्कलसुद्धा भाजलं नाही. पण दुसऱ्याची ज्योत दिसायची, स्वतःची दिसायची नाही. मग आई लेकराला सांगू लागली, लेकरू बापाला. "आहे हो, तुमच्यावरपण आहे!"

रेजिनाला कोणी सांगितलं नाही. ती विधवा, एकटी राहायची. लोकांना वाटलं, तिला कळलंच असेल. आणि तिला विचारायचा धीर होईना. नाही म्हणाले तर?

मग ती विहिरीत डोकावली. पाण्यात नुसतं तोंड. मग तिनं घासलेल्या घागरीत बघितलं. तिथं वाकडं तोंड. मग डोक्यावरून हात फिरवला. हाताला खोबरेल तेल लागलं, बाकी काही नाही.

"देवानं मला वगळलं," ती म्हणाली. "जावेशी बोलत नाही ना मी, म्हणून."

धाकटी जाऊ कार्मेलीन कुंपणापलीकडे राहायची. तीही विधवाच. रेजिनाच्या केळीचा घड पलीकडे लोंबला, तो तिनं कापला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

रेजिनानं लुगडी गाठोड्यात बांधली. देव सगळ्यांवर उतरला आणि आपल्यावरच नाही, त्या गावात राहायचं कसं? ती निघाली. बघते तर कार्मेलीन पायरीवर रडत बसलेली. डोक्यावर ही एवढी ज्योत!

"घडचोर मेली, हिला मिळाली!" रेजिना पुटपुटली. मग तिच्या लक्षात आलं, हिलाही कोणी सांगितलेलं नाही. आपण गेलो तर ही रडतच राहणार. रडू दे. ती चार पावलं पुढं गेली. मग पाय उचलेना. मग ती मागं फिरली आणि कुंपणापाशी येऊन खेकसली,

"अगं ए, रडतेस काय? तुझ्यावर आहे."

"खोटं!"

"देवाशपथ. माझ्यावर नाही, पण तुझ्यावर आहे."

कार्मेलीननं डोळे पुसले. "बाई, सकाळपासून ज्योत मिरवत अंगणभर फिरताय, आणि वर नाही म्हणताय? विहिरीत वाकलात तेव्हा मला वाटलं, तुमचा पदर पेटतोय!"

रेजिना मटकन खाली बसली. आधी हसली, मग रडली. कार्मेलीननं कुंपणाच्या दोन काठ्या उपसल्या, अलीकडे आली आणि गाठोडं सोडून टाकलं.

संध्याकाळी ज्योती दिसेनाशा झाल्या. विझल्या नाहीत हं, आत गेल्या. मग दोघींनी एका चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, आणि पुढं एकाच चुलीवर भाजत राहिल्या. गावही सुखात राहिलं.

काय रे? तुझ्यावर? आहे हो, मला दिसतेय ना. झोप आता.